वाचकांचे प्रश्न : अचकट-विचकट विनोदाला हसू का येते?

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक असून कोथरूडला राहतो. पुतण्याच्या आग्रहाखातर परवा घरी ‘डेडपूल’ हा अतिमानवी नायकाचा हॉलिवूडपट पाहिला. शिव्या, कमरेखालचे विनोद आणि रक्ताच्या चिळकांड्या यांनी भरलेला तो चित्रपट पाहताना किळस येण्याऐवजी मला वारंवार हसू फुटत होते. सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाणाऱ्या माझी अभिरुची उतरणीला लागली, असे समजावे काय?

उत्तर : आपली अभिरुची शाबूत आहे, आपल्याला हसू आले त्यात तिचाही वाटा असावा. २०१६ सालच्या या चित्रपटाचा आरंभच आठवून पाहा. उलटत्या मोटारीतली हाणामारी जागच्या जागी गोठते, कॅमेरा तिच्यामधून संथपणे फिरतो आणि श्रेयनामावलीत नटांच्या नावांऐवजी ‘एक ब्रिटिश खलनायक’ अशा पाट्या झळकतात. दिग्दर्शकाला फुकटचा पगार खाणारा ठरवले जाते आणि खरे नायक म्हणून लेखकांचा गौरव होतो. चित्रपट पहिली टोपी स्वतःचीच उडवतो, त्यामुळे पुढचा वाह्यातपणा आपण त्याला माफ करतो. पुढे नायक एक्स-मेन या अतिमानवी नायकांच्या चमूच्या प्रशस्त वाड्यावर जातो, तिथे त्याला दोघेच भेटतात, आणि आणखी कोणी स्टुडिओला परवडले नसावे, असे तो तोंडावर बोलून दाखवतो. सुमारे ५.८ कोटी डॉलरचा खर्च अतिमानवी नायकांच्या चित्रपटांच्या मानाने तुटपुंजाच होता. त्या तुटवड्याचाच विनोद झाला आणि कमाई ७८ कोटी डॉलरच्या घरात गेली.

मराठी माणसाला यात परके काहीच नाही. गवळणीतली मावशी प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेते आणि वगातला सोंगाड्या राजासमोर उभा राहून प्रेक्षकांशी परस्पर सूत जमवतो; पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात अशा सवाल-जवाबांना शिट्ट्या पडत आल्या आहेत. हीच रीत दादा कोंडके यांनी १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून पडद्यावर रुजवली. (त्यांच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांपैकी कितीजण गुपचूप तिकीट काढत होते, हा प्रश्न पुण्यात विचारू नये.) नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगून अपहसित आणि अतिहसित हे अधम पात्रांच्या वाट्याला दिले आहेत, परंतु अधम म्हटले तरी त्यांना रसाच्या पंगतीतून उठवलेले नाही.

अर्थात, शिवी म्हणजे विनोद नव्हे. हाणामारी ऐन रंगात असताना अर्ध्या क्षणाचा विराम घेऊन वाक्य टाकावे लागते. तो विराम चुकला की उरतो तो केवळ ओंगळपणा, आणि या चित्रपटाच्या बहुतेक अनुकरणांत तोच उरला आहे. शिवाय टिंगल दांडग्याची असेल तोवर मजा येते, दुबळ्यावर घसरली की तोंड कडू होते. याही चित्रपटातले अंध वृद्धेवरचे काही विनोद मला रुचले नाहीत. मात्र ती बाईही नायकाला ठणकावून उत्तरे देते, म्हणून ते निभावून जातात.

पुतण्याने २०१८ चा दुसरा भाग लावला तर खुशाल बसावे. फक्त घरातील लहान मुले झोपल्यावर.