वाचक विचारतात : सिकलसेलच्या पोराला कॅम्पला पाठवू का?

प्रश्न : मॅडम, आम्ही शहादा तालुक्यातले. मुलगा ११ वर्षांचा, सिकलसेल एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला पूर्ण आजार. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की शाळेचा चार दिवसांचा कॅम्प तोरणमाळला जाणारे न् हा हट्टाला पेटलाय. त्याचे पप्पा म्हणतात जाऊ दे, सासूबाई म्हणतात अजिबात नाही. माझी अडचण वेगळीच, तो अजून कधीकधी रात्री अंथरूण ओलं करतो, पोरं चिडवतील. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, अंथरुणाचं आधी बोलते, कारण बाकीचं डॉक्टर सांगतीलच, हे कोणी काढत नाही. सिकलसेलमधे किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त होते, रात्री पण होते, आणि या पोरांमधे थोडं मोठं झाल्यावर सुद्धा अंथरूण ओलं होणं बरंच कॉमन आहे. तो आळशी नाही न् तुमच्या लाडानं बिघडला पण नाही. फक्त एक करू नका, संध्याकाळनंतर पाणी तोडू नका. बऱ्याच घरी हेच करतात, आणि अंगात पाणी कमी पडलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात न् दुखणं सुरू. त्यापेक्षा सरांना एकटं गाठून सांगा की रात्री एकदा गुपचूप उठवा, आणि बॅगेत खाली टाकायला प्लास्टिक, गडद रंगाची चादर, दोन जास्तीच्या पॅन्टी. बस.

आता तोरणमाळ. वर हवा आपल्या ४४ डिग्रीपेक्षा कितीतरी बरी, उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, तेवढ्यानं सहसा त्रास होत नाही, तरी निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. मला काळजी यशवंत तलावाची वाटते. गार पाण्यात डुंबणं, मग ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसणं, यानं दुखणं उठू शकतं. काठावर बसून पाय बुडवू दे की. चढावर दम लागला तर कोणाला न विचारता बसायची परवानगी त्याला आधीच मिळालेली पाहिजे, नाहीतर पोरं लाजेनं चालत राहतात. आणि पाय मुरगळला की सर लोक पहिले बर्फ आणतात, याला बर्फ नको, गरम शेक.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, दम लागला, एकदम पांढराफटक पडला, एक हात लुळा पडला, तर सकाळची वाट बघायची नाही. या पोरांची प्लीहा, म्हणजे पोटातला जंतूंशी लढणारा अवयव, नीट काम करत नाही म्हणून साधा ताप पण अंगावर काढता येत नाही, आणि शहादा तिथून घाट उतरून पन्नासेक किलोमीटर. म्हणून शाळेला एकच विचारा, रात्री गाडी न् ड्रायव्हर वर थांबणार का? नाही म्हटले तर मी पण सासूबाईंच्या बाजूनं. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं दुखणं कमी उठावं म्हणून देतात ते औषध) चालू असेल तर गोळ्या सरांकडे मोजून द्या, सिकलसेलच्या कार्डाची झेरॉक्स पण.

अमेरिकेत पॉल न्यूमन या नटानं १९८८ मधे कनेक्टिकटला अशा आजारी मुलांसाठीच कॅम्प काढला, कॅन्सरची, सिकलसेलची पोरं तिथं फुकट राहतात, डॉक्टर-नर्स आतच. तिथं गोळी घेणारा, अंथरूण ओलं करणारा कोणी एकटा नसतो, हा मोठा फरक. आपल्या नंदुरबारकडे सिकलसेलची इतकी पोरं, दवाखान्यात रांगेत एकमेकांना बघतात पण कधी सोबत खेळत नाहीत. असं काही इथं का होऊ नये, हा माझा जुना राग आहे, असो.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, टाइप वन डायबेटिस. मे महिन्यात कॅम्प. इन्सुलिन कसं टिकवायचं?
— एक बाप, भुसावळ

उत्तर : भाऊ, अशा मुलांचे कॅम्प अमेरिकेत १९२५ पासून भरतात, इन्सुलिन सापडून तेव्हा चारच वर्षं झालेली, म्हणजे घाबरायचं कारण नाही. इन्सुलिनचा चालू पेन फ्रीजबाहेर महिनाभर चालतो म्हणतात ते ३० डिग्रीच्या आतलं, भुसावळच्या मे मधे ते विसरा. दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू, आतल्यात पेन, सावलीत. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. दिवसभर धावपळ झाली की शुगर रात्री झोपेत उतरते, म्हणून झोपायच्या आधी तपासा. थरथर, घाम आला की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं, आणि हे तिच्या शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीला पण शिकवून ठेवा.