ग्लो प्लग मागवण्याआधी हीटरपाशी व्होल्टेज मोजा

पुण्यात पार्किंगमध्ये तुमच्या गुरखा गाडीतला, आतली हवा गरम करणारा डिझेल हीटर पहिल्या झटक्यात पेटला आणि हिमाचलात नाकोला पहाटे नुसता पांढरा धूर सोडून, ई-१० हा बिघाडाचा कोड दाखवून बंद पडला. ‘नवीन ग्लो प्लग मागवू का?’ असं तुम्ही विचारलंय. वाचताना मला माझी स्पितीतल्या ताबोची रात्र आठवली. हीटर तसाच चिनी, धूरही तसाच. प्लग, म्हणजे आतलं डिझेल पेटवणारी तापती कांडी, एवढ्यात मागवू नका.

मी मेकॅनिक नाही, आणि कंट्रोलर बदलला की कोडचे अर्थही बदलतात. तेव्हा हे एका माणसाच्या अनुभवातून आलेलं आहे असं धरून चला. पंप तिरका, एक्झॉस्ट बाहेर, ज्वलनाची हवा बाहेरून, दोन्ही पाइपांची तोंडं लांब लांब, हे सगळं तुमच्या फोटोत नीट दिसतंय. त्यावर बोलत नाही.

माझी चूक वायरची होती. हीटर मागच्या सीटखाली, बॅटरी बॉनेटमध्ये. हीटरबरोबर आलेली वायर पुरेना, म्हणून घरात पडलेली ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर जोडून ती वाढवली. पाच मीटर जायची, पाच मीटर यायची. एकदा पेटलेला हीटर एक-दोन अँपिअरवर चालतो एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढ्याला ती वायर पुरते. पण पेटताना ग्लो प्लग आठ ते दहा अँपिअर ओढतो. तांब्याच्या ०.७५ वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२३ ओहम, म्हणजे दहा मीटरला ०.२३. त्याला दहा अँपिअरने गुणा. २.३ व्होल्ट वाटेतच गेले.

पुण्यात हे लपून राहतं. बॅटरी उबदार, डिझेल पातळ, हवा पंचवीस अंशांची. प्लग अर्धवट लाल झाला तरी भागतं. ताबोला त्या रात्री उणे अठरा होतं. एवढ्या थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. बॅटरीपाशीच ११.८ उरले, तर हीटरपाशी साडेनऊ. प्लग तापत नाही, पंप मात्र टिकटिक करत डिझेल टाकत राहतो. ते जळत नाही, त्याची नुसती वाफ होते. तुम्हाला दिसलेला पांढरा धूर तो हाच.

गाडीत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी होती. मी घाबरून एकामागोमाग सात वेळा बटण दाबलं. प्रत्येक वेळी बर्नरमध्ये आणखी कच्चं डिझेल साचत गेलं. सातव्यांदा ते एकदम पेटलं आणि एक्झॉस्टमधून वीतभर ज्वाळा बाहेर आली. गाडीखालचा बर्फ लाल दिसत होता. मी धावत जाऊन बॅटरीची टर्मिनल उपसली, आणि सगळ्यात महाग पडलं ते हे. करंट गेला की पंखा थांबतो, आतली उष्णता बाहेर काढायला काहीच उरत नाही. पंख्याचं प्लास्टिक वितळलं. रात्री तीन वाजता शेजारच्या होमस्टेचं दार ठोठावलं. त्या बाईंनी एक शब्द न विचारता तंदूर पेटवला आणि मुलीला त्याच्याजवळ झोपवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, दोनदा पेटला नाही तर तिसऱ्यांदा बटण दाबू नका. बर्नरमध्ये साचलेलं डिझेल काढून तो मोकळा करा, मगच पुढे.

परत आल्यावर विक्रेत्याच्या ग्राहक सेवेत चार महिने गेले. आधी प्लग बदला म्हणाले, बदलला. परत प्लग. मग मदरबोर्ड. प्रत्येक वेळी व्हिडिओ पाठवा, आठवडाभर थांबा, नवीन माणूस, नवी तक्रार, पहिल्यापासून तीच कहाणी. साडेअकरा हजार रुपये गेले. हीटरपाशी किती व्होल्ट येतात हा एक प्रश्न त्यातल्या एकानेही विचारला नाही. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, कारण थंडीत गाडीत झोपणाऱ्या माणसाला ते यंत्र विकतात आणि मदत अशी करतात. शेवटी भोसरीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून दहा मिनिटांत वायरवर बोट ठेवलं.

तुम्हीही तेच करा. हीटरला वायर जोडली जाते त्या कनेक्टरपाशी मल्टिमीटरच्या पिना लावून ठेवा, इंजिन बंद ठेवून हीटर सुरू करा आणि पहिल्या मिनिटातला सगळ्यात खालचा आकडा लिहून घ्या. तेव्हाच बॅटरीपाशीही मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) किंवा फ्यूजची बैठक यांत दोष आहे. इंजिन चालू असताना पेटतो आणि बंद असताना नाही, असं झालं तर संशय आणखी पक्का. मी आता ६ स्क्वेअरची वायर टाकली आहे, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीवरून. ४ ची चालते, पण एवढ्या खटाटोपात थोडक्या पैशांसाठी मी ४ ची टाकणार नाही. निगेटिव्ह गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडायचं, त्या चासीच्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही. आपल्या गाड्या दर पावसाळ्यात कोकणातल्या चिखलात असतात, बोल्टखाली गंज धरतोच. फ्यूज बॅटरीजवळच हवा.

वायरने उंचीचा प्रश्न सुटत नाही. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. पंप डिझेल तेवढंच टाकतो, हवा कमी पडते, काजळी धरते. धूर काळा असेल तर कारण हे समजा आणि कंट्रोलरमध्ये उंचीची सोय असेल ती वापरा. रात्रभर अगदी मंद ठेवू नका. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवा, मग बटणानेच बंद करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपता तिथे, डोक्याच्या उंचीला लावा. या वायूला वास नसतो. अलार्म नसेल तर हीटर चालू ठेवून झोपू नका, मग थंडीत होमस्टे शोधावा लागला तरी चालेल.

पुढे लेहला जाणार असाल तर तिथे हिवाळी डिझेल मागा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेलं ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली चार्ज करू नका. आणि विमा कंपनीला हीटरबद्दल लेखी कळवून ठेवा.

तुमचे दोन्ही आकडे आणि वायरचा फोटो इथे टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.