डायलिसिस सुरू झाल्यापासून बाबांचे डोळे लाल होतात, खुपतात. काय करावं? (इंदूर)

बहुधा वाढलेला फॉस्फरस. कॅल्शियमशी मिळून त्याचे बारीक पांढरट कण बुबुळाच्या कडेला साचतात, पापणी मिटताना तेच खुपतात. कोरडेपणाची भर वेगळीच. रक्तातला फॉस्फरस ५.५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आणा. बाइंडरची (अन्नातला फॉस्फरस अंगी लागू न देणारी) गोळी घासाबरोबरच घ्यायची, सराफा बाजारातल्या रात्रीच्या चटकमटक खाण्यासोबतही. (गराडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र नकोच, त्यात पोटॅशियम फार!) प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूथेंब दिवसातून चारदा घाला.

मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी टाळू नका. नेत्रतज्ज्ञांना डायलिसिसचं आधीच सांगा. काचबिंदूवरची डायमॉक्स गोळी अशा पेशंटला घातक ठरू शकते. डायलिसिसमध्ये बीपी उतरून एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं, तर पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच एमवाय हॉस्पिटल गाठा.