रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळी बंद करू का?

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार. एचआयव्हीवरची एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी रोजची औषधं, सुरू होऊन दीड वर्ष झालेलं, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा आकडा) १९० वरून ५१० वर आलेला. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीच्या) रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. म्हणाले, “मॅडम, रक्तात कायबी नाही म्हणतंय. मग रोज गोळी कशाला? घरी कुणी डबी बघितली म्हणजे?”

प्रश्न रास्त आहे आणि बरेच जण तो न विचारताच गोळी सोडतात. व्हायरल लोडमध्ये मोजले जातात ते रक्तद्रवात मोकळे फिरणारे विषाणू. पेशींच्या पोटात काय दडलंय, ते त्यात येत नाही.

एचआयव्ही या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी४ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, शेजारच्या सीसीआर५ या दुसऱ्या प्रथिनाची पकड घेतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर आपल्या आरएनएची, म्हणजे स्वतःच्या जनुकीय मजकुराची, डीएनएत नक्कल करतो आणि ती पेशीच्या डीएनएतच शिवून टाकतो. गोळीतल्या तीन औषधांपैकी टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही नक्कल अडवतात, डोल्युटेग्राविर शिवण अडवतं. आधीच शिवलेलं मात्र तिघांपैकी एकालाही उसवता येत नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षं निपचित राहतात.

“म्हंजे सालीखालचा मिलीबग,” ते म्हणाले. वेलीच्या सालीखाली दडणारी ही कीड, अगदी तसंच. फक्त वेलीची साल सोलता येते, ही नाही.

गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत दिसू लागतो. मग सीडी४ पेशी मरू लागतात. लागण झालेल्याच नव्हे, सततच्या दाहामुळे आजूबाजूच्याही. बाकीच्या फौजेला हुकूम देणाऱ्या याच पेशी. त्या २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही न्यूमोनिया करते. टीबी तर त्याआधीच गाठतो. अधूनमधून घेतलेली गोळी आणखी वाईट, कारण लॅमिव्हुडिनला दाद न देणारा विषाणू एका बदलानेही तयार होतो.

डबीचा प्रश्न तिथंच सुटला. लेबल काढायचं, ओलावा शोषणारी पुडी आतच ठेवायची. वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. ॲसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं झालं तर गोळीनंतर दोन तासांनी, किंवा गोळीच्या सहा तास आधी. विसरलेली गोळी आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, पण दोन एकदम नाहीत.

पत्नीची तपासणी निगेटिव्ह. गोळी रोज चालू राहिली आणि व्हायरल लोड असाच न सापडण्याइतका राहिला, तर लैंगिक संबंधातून पत्नीला लागण होत नाही. हे ऐकून त्यांनी रिपोर्टची नीट घडी घातली. “हे तिलाबी सांगा की मॅडम. भाईरच बसलीय.”