रत्नागिरीसारख्या लहान शहरात वाचणाऱ्या, नेटवर रमणाऱ्या माणसाला कंटाळा येत नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली झालीय, एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय, आणि 'तिथे संध्याकाळी सातला सगळं बंद होतं का?' सातला नाही, साडेआठ-नऊला होतं. बाकीचं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी अकरा वर्षं डोंबिवलीत काढून परत आलेला चाकरमानी. तिकडे पुस्तकं भरपूर घेतली, वाचली कमी. जी वाचली ती लोकलमध्ये, एका हातात कडी आणि दुसऱ्यात पुस्तक धरून. नेटवर काही भन्नाट दिसलं की 'नंतर बघू' म्हणून सेव्ह करायचो. तीनशेच्या वर गोष्टी साठल्या, पण तो 'नंतर' काही उजाडला नाही. इथे आल्यावर ती यादी पहिल्यांदा घटायला लागली. कारण काही थोर नाही. इथे रात्री नेटवर काही वाचलं, तर रविवारी स्कूटर काढून ते बघून जेवायच्या वेळेला घरी येता येतं.

कातळशिल्पांचंच घ्या, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांचं. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांची नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात आमच्या जिल्ह्यातली. ही बातमी मी मोबाईलवर वाचली आणि लाज वाटली, कारण तोवर एकही पाहिलं नव्हतं. जन्म इथला, शाळा इथली, आणि सड्यावर, म्हणजे ही चित्रं असतात त्या कातळाच्या माळावर, गेलो ते फक्त करवंदं खायला. मग भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी गाठली. जांभ्यात कोरलेला हत्ती. फोटोत तो लगेच दिसतो. तिथे कडेला उभं राहिलं की आधी नुसत्या रेघा दिसतात, कारण हत्ती चांगला अठरा मीटरच्या आसपास आहे. पोटात आणखी मासे नि जनावरं कोरलेली. चालत गोल फिरलो तेव्हा कुठे सोंड सापडली. घरी येऊन तीच जागा उपग्रहाच्या नकाशावर शोधत बसलो, रात्रीचा एक वाजला. देवाचे गोठणे गावच्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते असं वाचून तिथेही जाऊन आलो. मोबाईलवरची सुई भरकटली खरी, पण ती माझ्या घरातही अधूनमधून भरकटते. मेव्हणा बोटीवर असतो, तो सुट्टीवर आला की त्याचं खरं होकायंत्र घेऊन पुन्हा जाणार आहे.

पुस्तकांबद्दल विचारलंत. दुकानं मोजकी आहेत, नवीन पुस्तक उशिरा येतं किंवा मागवावं लागतं. पण आमचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे. टिळकांचा जन्म याच गावातला, 1856 चा. म्हणजे वाचनालय त्यांच्याहून 28 वर्षांनी थोरलं. पुण्याच्या माणसाला हे सांगताना मला थोडा आनंद होतो, त्याबद्दल क्षमस्व.

जे कपाटात नाही ते नेटवर सापडतं, आणि इथे बसून ते वाचायची मजा वेगळीच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', 1880 सालचा, फुकट वाचायला मिळतो. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा नव्हता, त्यामुळे आजोळसुद्धा त्यातच. पावसाळ्यात मी तो कुठूनही उघडतो. असल्या स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत मधूनच ग्रंथालयाचा शिक्का दिसतो, कुणीतरी पेन्सिलीने मारलेली रेघ दिसते, आणि नशीब असेल तर पान दाबून धरणारं स्कॅनवाल्याचं बोट. मला त्या बोटाचा लोभ आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येते. आजी 'आगोट जवळ आली, लाकडं भरा' म्हणायची, आगोट म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. ती 'आगोट' मला तिथे भेटली, तेव्हा आजी जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता माझं आवडतं रिकामटेकडेपण. 17 अंश उत्तर अक्षांशाची रेघ रत्नागिरीच्या अगदी अंगावरून जाते. एका रात्री लाईट गेली होती, मोबाईलमध्ये थोडी बॅटरी होती, तेव्हा ही रेघ नकाशावर बोटाने पश्चिमेला सरकवली. अरबी समुद्र, समुद्र, समुद्र, आणि सुमारे 2000 किलोमीटरवर थेट ओमानमधलं सलालाह. वाळवंट असेल म्हणून फोटो उघडले तर माड, केळी आणि हिरवे डोंगर! आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्यालाही शिवून जातो, तिथे त्या दिवसांना खरीफ म्हणतात.

आता सलालाहला स्कूटरवरून जाता येत नाही, पण जाऊन आलेला माणूस इथे सापडतो. आमच्या मागच्या आळीतले चाचा बारा वर्षं तिथे होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "पाऊस असतो ना! पण असला बदाबदा नाय रे, नुसती भुरभुर. आणि शहाळी रस्त्याला मांडलेली, आपल्यासारखीच. मला तर पहिल्या वर्षी फसवून घरी परत आणलंय असंच वाटलं."

मग रेघ पूर्वेला नेली. बंगालचा उपसागर ओलांडला की रेघेच्या किंचित खाली ब्रह्मदेशातलं रंगून. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेच्या गादीवरून उतरवलं 1885 मध्ये, रंगून, मद्रास करत बोटीने इथे आणलं 1886 मध्ये. त्याच्यासाठीचा इथला राजवाडा पुरा झाला 1910 ला आणि राजा गेला 1916 ला. आम्ही शाळेच्या सहलीत त्या राजवाड्यात नुसती लपाछपी खेळलो होतो. आता संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो की सगळे समुद्राकडे तोंड करून सूर्यास्ताचे फोटो काढत असतात, आणि मला उगाच वाटतं, त्याचा देश तर पाठीमागे होता.

शहरी सुखं विचाराल तर नाटकं कमी, ट्रॅफिक मारुती मंदिर चौकात पुरेसं. गोपनीयता शून्य. तुम्ही कुठे भाड्याने राहता हे तुमच्या आधी मासेवालीला कळेल. जोराच्या पावसात लाईट आणि रेंज हातात हात घालून जातात, त्याची सवय करून घ्यावी लागते. रेल्वेने आलात तर करबुड्याचा बोगदा लागेल, साडेसहा किलोमीटरचा. त्यात रेंज अजिबात नसते. माझी तिथे तीन-चार पानं होतात.

घर बघाल तेव्हा एक करा. पाऊस इथे पश्चिमेकडून झडीने येतो आणि त्या बाजूची भिंत जुलैपर्यंत ओल धरते. माझी दोन खोकी पुस्तकं पहिल्याच वर्षी बुरशीने गेली, त्यात तीन वाचनालयाची होती आणि त्यांचा दंड भरावा लागला. कपाट पूर्वेच्या भिंतीला लावा, भिंतीपासून चार बोटं सोडून.