वेल मांडवभर, पण फूल नाही

प्रश्न : पुण्यात आमच्या अंगणात मे महिन्यात वालपापडीचा वेल लावला. ऑगस्ट संपत आला, वेल मांडवभर पसरला, परंतु अजून एकही फूल नाही. दर पंधरवड्याला शेणखत आणि थोडा युरिया देतो. वेल काढून टाकावा का? तसेच, गेल्या वर्षीच्या शेंगा शिजवूनही चिवट लागत होत्या, त्याचे कारण काय असावे?

उत्तर : वेल मुळीच काढू नका. आपल्याकडील वालाच्या बहुतेक जुन्या वेली वाणांना फुलण्यासाठी लहान दिवस लागतो. जूनच्या अखेरीस पुण्यातला दिवस 13 तासांहून मोठा असतो, तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 12 तासांच्या आसपास येतो. तोवर वेल पालाच वाढवत राहतो आणि दिवस आखडू लागला की पांढरे किंवा जांभळे तुरे धरतो. मांडवाजवळ रात्रभर प्रखर दिवा जळत असेल तर तो मालवावा, कारण या वेलाला रात्रीचा अखंड अंधारही हवा असतो.

युरिया मात्र आजच थांबवा. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र वेलाला मिळवून देतात. एखादे बारीक मूळ अलगद उकरून त्यावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठी काम करत आहेत. वरून नत्र देत राहिल्यास गाठी कमी धरतात आणि पाला माजतो.

तुरे आल्यावर कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडतो. वेलावर मुंग्यांची ये-जा वाढली की शेंडे तपासावेत आणि मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकावा.

शेंगा चिवट लागल्या, त्या बहुधा उशिरा तोडल्यामुळे. शेंग चपटी असतानाच, दाणा वरून उठून दिसण्यापूर्वी खुडावी. वाकवताच ती कट्कन मोडली पाहिजे. खुडताना तुरा ओरबाडू नये, कारण त्याच दांड्यावर वरच्या कळ्या उमलायच्या असतात. निवडताना देठ मोडून दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढाव्यात. एवढी काळजी घेतल्यास मोहरी, हिंग आणि ओव्याच्या फोडणीवर, झाकणावर पाणी ठेवून आणलेल्या वाफेत भाजी मऊ शिजते; मग गुळाचा खडा आणि ओले खोबरे घालावे. नजर चुकवून जून झालेल्या शेंगा टाकू नका, त्यांचे ओले दाणे सोलून त्यांची उसळ करा.