जुनी विंडोज टाकली, आता ड्रायव्हर कुठून आणू?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न (सातारा): लॅपटॉप इंटेलच्या 12व्या पिढीचा आय-5 आहे, विकत घेताना विंडोज 11 होती. कामाचं एक जुनं सॉफ्टवेअर तिच्यावर धड चालत नाही, म्हणून विंडोज 10 टाकायला घेतली. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, पण डिस्क निवडायची वेळ येते तेव्हा यादी रिकामी असते आणि 'वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज' असं येतं. एसएसडी गेली का?

उत्तर: एसएसडी ठणठणीत असणार. याच लॅपटॉपवर विंडोज 11 चालत होती, म्हणजे खोट डिस्कमध्ये नाही. इंटेलच्या 11व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरच्या आड असते. कंपनीने भरून दिलेल्या विंडोजमध्ये या कंट्रोलरचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखून चालवायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) असतो, पण मायक्रोसॉफ्टच्या साध्या विंडोज 10 सेटअपमध्ये तो नाही. कंट्रोलरच ओळखता येत नाही, तर त्यामागची डिस्क कुठून दिसणार?

पहिला उपाय ड्रायव्हर पुरवण्याचा. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर आपला सिरीयल नंबर टाका (डेलला त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात), ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज 10 निवडा आणि स्टोरेज विभागातला 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' उतरवून घ्या. इथे बहुतेक जण अडकतात, कारण उतरलेली ईएक्सई फाईल सेटअपला चालत नाही. त्याला आतली आयएनएफ फाईल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) आणि तिच्या सोबतच्या फाइली सुट्या लागतात. डेलच्या पॅकेजमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट'चा पर्याय असतो. एचपीचं पॅकेज सी ड्राइव्हवरच्या 'एसडब्ल्यूसेटअप' फोल्डरमध्ये उघडतं. इतर कंपन्यांची पॅकेजं बहुधा सेव्हन-झिप या गुंडाळलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडतात. आयएनएफ असलेलं फोल्डर त्याच इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवर ठेवा. मग रिकाम्या यादीच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर', 'ब्राउज' करून ते फोल्डर दाखवा. 'हाइड ड्रायव्हर्स दॅट आरन्ट कम्पॅटिबल'ची खूण काढू नका. ती असली की आपल्या मशीनला लागू असलेलीच ओळ उरते. 12व्या पिढीत ती सहसा 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर 467एफ' अशी असते, 11व्या पिढीत '9ए0बी'. 'नेक्स्ट' म्हटलं की काही सेकंदांत डिस्क यादीत येते.

दुसरा उपाय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी बंद करण्याचा. एकाच एसएसडीच्या लॅपटॉपवर याने कसलाही तोटा नाही, कारण विंडोज 10 कडे एनव्हीएमईचा (आजच्या एसएसडी ज्या पद्धतीने जोडतात तिचा) स्वतःचा ड्रायव्हर आहे. डेलमध्ये स्टोरेजखाली 'रेड ऑन'ऐवजी 'एएचसीआय/एनव्हीएमई' निवडायचं असतं. एसरच्या अनेक मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो. 'मेन' टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की तो दिसतो. डिस्क पूर्ण पुसून नवी विंडोज टाकायची असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. मात्र आधीची विंडोज ठेवून दुसरी शेजारी बसवायची असेल तर व्हीएमडीला हात लावू नका. जुनी विंडोज त्या ड्रायव्हरवरच सुरू होते, तो काढून घेतला की 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'चा निळा पडदा येतो.

बायोस बदलण्याआधी बिटलॉकरही (विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) बघाच. आजच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क कूटबद्ध होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बायोसमधला बदल दिसला की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती खात्यात जतन असते. सुरुवात करण्याआधी कागदावर उतरवून घ्या.

आणि हेही विचारात घ्या: विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढची सुरक्षा अपडेट्स हवी असतील तर 22एच2 ही विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती टाकून वाढीव अपडेट योजनेत वेगळी नोंदणी करावी लागते. अडचण एकाच सॉफ्टवेअरची असेल तर त्याच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधला 'कम्पॅटिबिलिटी' टॅब आधी वापरून बघा. अर्ध्या वेळा तेवढ्यावर काम भागतं.

प्रश्न (नांदेड): विंडोज 10 बसली, पण वायफाय नाही आणि लॅपटॉपला लॅनचं भोकही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणांची रांग आहे, निम्म्यांवर नुसतं 'अननोन डिव्हाइस'. नेटशिवाय ड्रायव्हर शोधायचे कसे?

उत्तर: नेट तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि सेटिंग्जमधल्या हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज 10 मध्ये आधीपासून असतो. नुसती चार्जिंगची केबल असेल तर पर्याय राखाडी राहतो, अशा वेळी केबल बदला. आता विंडोज अपडेट चालवा, मग 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडा. बऱ्याच पिवळ्या खुणा इथेच जातात.

उरलेल्यांची ओळख हार्डवेअर आयडीवरून पटते. त्या डिव्हाइसवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पीसीआयने सुरू होणाऱ्या ओळीत 'व्हीईएन'पुढचे चार आकडे-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे नेमकी चिप. 8086 इंटेल, 10ईसी रिअलटेक, 14सी3 मीडियाटेक, 168सी क्वालकॉम अथेरॉस, 10डीई एनव्हिडिया, 1002 एएमडी. समजा 14सी3 आणि 7961 दिसलं, तर ते मीडियाटेकचं एमटी7921 वायफाय कार्ड. लॅपटॉपवरच्या स्टिकरपेक्षा या ओळीवर विश्वास ठेवा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी वायफाय कार्डं वापरतात. सपोर्ट पानावर तीन वायफाय ड्रायव्हर दिसतात ते त्यामुळेच.

एसीपीआयने सुरू होणारा आयडी बहुधा कंपनीच्या खास भागाचा असतो. 'एसएमओ8800' हा डेलचा लॅपटॉप पडल्याचं ओळखणारा सेन्सर, 'एचपीक्यू6007' एचपीचा तसाच, आणि 'व्हीपीसी2004' लेनोव्होचा बटणं आणि वीजबचत सांभाळणारा. यांचे ड्रायव्हर चिप कंपनीकडे मिळत नाहीत, लॅपटॉप कंपनीकडेच मिळतात.

कंपनीच्या पानावर विंडोज 10 चा ड्रायव्हरच नसेल तर 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'मध्ये व्हीईएन आणि डीईव्हीपर्यंतचा आयडी टाकून शोधा. 'सबसिस'पासून पुढचा भाग वगळा. कॅब (झिपसारखी गुंडाळलेली) फाईल मिळेल. ती सेव्हन-झिपने वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर' करून ते फोल्डर द्या आणि उपफोल्डरांची खूण ठेवा.

विंडोज 11 साठीचा ड्रायव्हर 10 वर चालतो का? बहुतांश चालतो, कारण दोन्हींचा पाया एकच आहे. नाही चालला तर कारण आयएनएफ फाइलमध्येच लिहिलेलं सापडतं. ती नोटपॅडमध्ये उघडा. 'मॅन्युफॅक्चरर' विभागात 22000 हा आकडा असेल तर तो ड्रायव्हर विंडोज 11 च्या पहिल्या बिल्डपासून (आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकापासून) पुढे चालतो. विंडोज 10 ची 22एच2 म्हणजे बिल्ड 19045, त्यामुळे ती नकार देते. तो आकडा खोडून फाईल बदलण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. फाईल बदलली की डिजिटल सही जुळत नाही आणि सही तपासणं बंद करून लॅपटॉप चालवणं धोक्याचं आहे. याच ड्रायव्हरची जुनी आवृत्ती शोधा.

एक सोय अजून हाती असेल. इन्स्टॉल करताना पार्टिशन पुसलं नसेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर राहतं. त्यातल्या विंडोज, सिस्टिम32, ड्रायव्हरस्टोर, फाइलरिपॉझिटरी या वाटेवर जुन्या विंडोजचे सगळे ड्रायव्हर असतात. 'ब्राउज माय कॉम्प्युटर'मध्ये तेच फोल्डर द्या. ज्यांनी अजून विंडोज बदललेली नाही त्यांनी हे फोल्डर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावं. काही जीबी जागा जाते, पण वायफायचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

प्रश्न (ठाणे): सगळे ड्रायव्हर टाकले, तरी टचपॅड मेलेला, आवाज नाही आणि ब्राइटनेसची पट्टी हलत नाही.

उत्तर: ड्रायव्हर आहेत, पण क्रम चुकला असावा. आधी चिपसेट (मदरबोर्डवरचे भाग जोडणारी चिप), मग 'सिरीयल आयओ', त्यानंतर टचपॅड. आजचे टचपॅड आयटूसी या मार्गाने जोडलेले असतात आणि तो मार्ग 'सिरीयल आयओ' ड्रायव्हर उघडतो. तोवर टचपॅड यादीतसुद्धा येत नाही. आवाजाचंही असंच. इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर 'स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' आधी आणि रिअलटेक नंतर. उलट केलं असेल तर रिअलटेक काढून, रिस्टार्ट करून, पुन्हा क्रमाने टाका. ब्राइटनेससाठी 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. दोन ग्राफिक्स असतील तर आधी इंटेल किंवा एएमडीचा, मग एनव्हिडियाचा. प्रत्येक मोठ्या ड्रायव्हरनंतर रिस्टार्ट करा, सगळं एका दमात नको.

प्रश्न (अकोला): एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर टाकणारं सॉफ्टवेअर वापरू का?

उत्तर: नको. ते आयडी जुळवून जवळपासचा ड्रायव्हर बसवतं, सोबत नको असलेले प्रोग्रॅम घुसवतं आणि काय बदललं ते नंतर सापडत नाही. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं अपडेट सॉफ्टवेअर असेल तर ते खुशाल वापरा.

प्रश्न (कोल्हापूर): डीटीपीचं काम आहे. पेजमेकर आणि डोंगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विंडोज 7 वरच व्यवस्थित चालतं. नव्या लॅपटॉपवर विंडोज 7 टाकायला गेलो, तर सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड दोन्ही बंद.

उत्तर: विंडोज 7 मध्ये यूएसबी 3 चा ड्रायव्हर नाही. 2015 च्या स्कायलेक प्रोसेसरांपासून इंटेलने चिपसेटमधला जुना यूएसबी 2 कंट्रोलर काढला, त्यामुळे त्या सेटअपला तुमचं एकही यूएसबी पोर्ट दिसत नाही. एनव्हीएमईचा ड्रायव्हरही तिच्यात नाही. हे दोन्ही सेटअपमध्ये घुसवता येतात, पण पुढे नव्या ग्राफिक्सला विंडोज 7 चा ड्रायव्हरच नाही, आणि बायोसमध्ये जुनी बूट पद्धत नसेल तर सेटअप 'स्टार्टिंग विंडोज'वरच थिजतो. त्यात वेळ घालवू नका.

विंडोज 10 किंवा 11 तशीच ठेवा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज 7 बसवा. 2 जीबी रॅम आणि 40 जीबी डिस्क पुरते. 32-बिट आवृत्ती घ्या, कारण जुन्या डोंगलांचे ड्रायव्हर बऱ्याचदा तेवढ्यापुरतेच बनलेले असतात. या आभासी मशीनच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी 2.0 कंट्रोलर' निवडा, 3.0 निवडलं तर वरचाच घोटाळा आतही होतो. डोंगल लावून त्याच पानावर 'फिल्टर'मध्ये त्याची नोंद करा, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर डोंगल थेट विंडोज 7 कडे जातं. विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या तशाच प्रोग्रॅममध्ये यूएसबी असं आत देता येत नाही, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही. डोंगलचा ड्रायव्हर फक्त आतल्या विंडोज 7 मध्ये टाका. विंडोज 7 ची अपडेट्स 14 जानेवारी 2020 पासून बंद आहेत, तेव्हा तिचं नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवा. आत व्हर्च्युअलबॉक्सचं 'गेस्ट ॲडिशन्स' टाकून एक 'शेअर्ड फोल्डर' करा, त्याला नेट लागत नाही. पानं आत लावून पीडीएफ त्या फोल्डरमध्ये काढा आणि प्रिंट बाहेरच्या विंडोजमधून द्या. त्यामुळे प्रिंटरचा विंडोज 7 चा ड्रायव्हर शोधायची वेळच येत नाही.